पूर्वेकडून येणारा पाऊस

या पोरांनो, बसा असे ऐसपैस. खालच्या दोन पायऱ्या तेवढ्या सोडा, तिथं शेवाळ आहे आणि गंगामाई घसरणाऱ्याचं वय बघत नाही. दगड अजून चटकतोय ना? मे महिन्याचं दिवसभराचं ऊन त्याच्या अंगात मुरलंय, ते तो आता मध्यरात्रीपर्यंत परत देत बसणार. शेजारच्या दशाश्वमेधावरची आरती आटोपली, गर्दी पांगली, वीज गेली ती गेलीच. तेव्हा हा कंदील मधे ठेवू, पन्ह्याचे पेले हाताशी घेऊ आणि आभाळाच्या गोष्टी काढू. थोरल्याच्या भूगोलाच्या पुस्तकात वातावरणाचा धडा आहे हे मला ठाऊक आहे. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर अशी थरांची नावं त्यात ओळीनं दिलीत आणि ती पाठ करायचीत. करा, पाठांतरानं कुणाचं वाईट झालेलं नाही. पण मला विचाराल तर हा धडा वरून खाली शिकवू नये, खालून वर शिकवावा; म्हणजे आपण जिथं बसलोय तिथली हवा आधी नीट बघावी, आणि मग जमेल तितकं वर चढावं. हवा ही एक वस्तू आहे, तिला वजन आहे, ती वाकवते, उचलते, वाहून नेते, हे एकदा पोराच्या अंगी लागलं की मग थरांची नावं आपसूक जागच्या जागी बसतात. आणि हवा बघायला ह्या अहिल्याबाई घाटापेक्षा बरी जागा मला तरी सापडलेली नाही.

का, ते सांगतो. हिमालयातून निघून समुद्राकडे चाललेली ही गंगा काशीपाशी चक्क वळून उत्तरेकडे वाहते. तिच्या पश्चिम काठावर हे सगळे घाट, आणि समोरच्या काठाला बघा, नुसती रेती, ना घर ना देऊळ. म्हणजे घाटावर बसलेल्या माणसाला पूर्वेचं सबंध आभाळ जमिनीपासून मोकळं मिळतं. आपल्या साताऱ्याच्या घरून पूर्व बघायची तर आधी समोरच्या चाळीचं गच्चीवरचं पाण्याचं टाकं दिसतं, मग पूर्व. ज्यांच्या नावाचा हा घाट, त्या अहिल्याबाई जन्मल्या जामखेडजवळच्या चौंडीला, १७२५ साली. राज्य केलं माळव्यात, महेश्वरी बसून. आणि विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं ते इथं, १७८० साली. ह्या घाटाला त्याआधी केवलगिरी घाट म्हणत. वर तो अंधारात दिसतोय तो वाडाही होळकरांचाच. चौंडी, माळवा आणि काशी, ही तीन ठिकाणं डोक्यात ठेवा बरं का, पुढं पावसाच्या गोष्टीत ती तिन्ही लागणार आहेत.

तर पूर्व. उद्या पहाटे मी तुम्हाला उठवणार, आणि कुरकुर चालणार नाही. पुण्या-साताऱ्याकडे ह्या दिवसांत सहाच्या सुमाराला उगवणारा सूर्य इथं पाच वाजले की दारात हजर, कारण सगळ्या देशाचं घड्याळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलंय ते इथून जवळच मिर्झापूरपाशी जातं, आणि आपलं गाव राहिलं त्याच्या पश्चिमेला लांब. उठायचं, तोंड धुवायचं आणि इथं येऊन उभं राहायचं. पाण्यात माणसं कमरेपर्यंत उभी असतील, ओंजळी भरलेल्या, तोंडं पूर्वेला. मग रेतीच्या कडेवर लाल गोळा वर येईल आणि एक घटका अशी येईल की तो पुरा वर आलाय, बूड नुसतं क्षितिजाला टेकलंय. ओंजळी सुटतील, अर्घ्य पडेल. आता सांगा, त्या घटकेला सूर्य कुठं असतो?

समोर नसतो. तो अजून सबंधच्या सबंध क्षितिजाखाली असतो!

थांबा, हसू नका, थट्टा करत नाही. हवा किरणाला वाकवते. वर विरळ हवा, खाली दाट, तेव्हा लांबून तिरका येणारा किरण हळूहळू खाली वाकत येतो, आणि आपला डोळा बिचारा सरळ रेषेत बघायला शिकलेला, त्याला वाटतं सूर्य वर आहे. हे उचलणं किती? क्षितिजापाशी चौतीस कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. आणि सूर्याचं बिंब केवढं? बत्तीस कलांचं. म्हणजे बिंबाच्या उंचीहून हवेचं उचलणं थोडं मोठंच. त्यामुळे इथं सूर्य अडीचेक मिनिटं आधी दिसतो आणि संध्याकाळी तितकाच उशिरा मावळतो. रोजच्या दिवसात चार-पाच मिनिटं ही हवेनं घातलेली भर आहे. धाकटीला पटत नसेल तर उद्या सकाळी पितळी वाटीत रुपया ठेव, वाटीच्या काठाआड तो दिसेनासा होईपर्यंत मागं सरक, आणि दादाला म्हणावं, आता हळूच पाणी ओत. रुपया जागचा हलत नाही, पण वर येतो. जे पाणी वाटीत करतं तेच हवा आभाळात करते. आणि आणखी एक बघायचं: सूर्याचं बूड माथ्यापेक्षा जास्त उचललं जातं, म्हणून तो उगवताना गोल नसतो, वरून दाबल्यासारखा चपटा दिसतो. लाल का, तर माथ्यावरच्या सूर्याचा किरण जेवढ्या हवेतून येतो त्याच्या चाळीसेक पट हवा ह्या किरणाला तुडवावी लागते, वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबडा तेवढा पोचतो.

आता किरण वाकवणारी ही हवा म्हणजे काही अगदी कुणीच नव्हे. मागची आपली निजायची खोली आहे ना, दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच? ती रिकामी आहे असं आपण म्हणतो. तिच्यात तीस-बत्तीस किलो हवा आहे. तांदळाचं मोठं पोतं झालं की ते! आणि ही झाली खोलीतली. वर आभाळापर्यंतची सगळी धरली तर एका चौरस मीटरवर दहा टन बसतात. तुमच्या तळहातावर, बोटं धरून, शंभरेक किलोचा भार आत्ता ह्या घडीला आहे, आणि तरी तुम्ही पन्ह्याचा पेला आरामात उचलताय, कारण हवा वरून दाबते तितकीच खालून रेटते. पेला काठोकाठ भरा, वर पोस्टकार्ड ठेवा, हातानं दाबून उलटा करा आणि हात काढा. पाणी सांडत नाही. ते कार्ड खालच्या हवेनं धरलेलं असतं. पन्ह्यानं करू नका मात्र, आजी रागावेल.

हे वजन पहिल्यांदा मोजलं इटलीत, १६४३ च्या सुमारास, टॉरिचेली नावाच्या गृहस्थानं. काचेची लांब नळी, एका टोकाला बंद, पाऱ्यानं भरली आणि पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, तर सगळा पारा खाली येईना. पाऊण मीटरभर, शहात्तर सेंटिमीटर, तसाच उभा राहिला. त्यानं ओळखलं की बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्याला दाबतेय म्हणून नळीतला पारा वर उभा आहे. मग पाच वर्षांनी फ्रान्समध्ये पास्कलनं आपल्या मेहुण्याला तशीच नळी घेऊन डोंगरावर धाडलं. पास्कल स्वतः आजारी माणूस, डोंगर चढणं त्याच्यानं होणार नव्हतं, पण विचार नामी होता: हवेला वजन असेल तर डोंगरावर डोक्यावरची हवा कमी भरणार आणि पारा उतरणार. मेहुणा १९ सप्टेंबर १६४८ ला माथ्यावर पोचला, आणि पारा आठेक सेंटिमीटर उतरला होता.

तुम्हाला डोंगर नको, घाट पुरे. थोरल्याच्या मावसभावाच्या मोबाइलमध्ये हवेचा दाब दाखवणारं यंत्र आहे. सगळ्या मोबाइलांत नसतं, पण बऱ्याच आहे. तो घेऊन पाण्याशी उभं राहा, आकडा लिहा, मग वर वाड्याच्या दारापर्यंत चढा आणि पुन्हा लिहा. दर आठेक मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल उतरतो. डोक्यावरची तेवढी हवा तुम्ही पायांनी मागं टाकलीत! आणि एक गंमत त्याच यंत्रात आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. आकाश स्वच्छ असेल, वादळ-पाऊस काही नसेल, तरी तो आकडा दिवसात दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाला चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला, पहाटे चारला पुन्हा उतरलेला, रोजच्या रोज, नेमानं. हवेला भरती-ओहोटी आहे. समुद्राची भरती चंद्राच्या ओढीनं येते, ही मुख्यत्वे सूर्याच्या तापवण्यानं येते. गंगेला काशीत भरती नाही, समुद्र राहिला लांब. पण गंगेवरच्या हवेला आहे.

ह्याच गावात असली टिपणं ठेवणारा एक साहेब होऊन गेला, जेम्स प्रिन्सेप. नाव ऐकलं असेल, अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी १८३७ साली त्यानं वाचली. पण त्याआधी १८२० ते १८३० अशी दहा वर्षं तो इथं काशीच्या टांकसाळीत सोन्या-चांदीचा कस लावायच्या कामावर होता. काम सगळं बारीक तोलण्याचं, आणि तोलायची सवय एकदा हाताला लागली की ती सुटत नाही. मग त्यानं काशीचं आभाळही तोलायला घेतलं. हवामानाची रोजनिशी ठेवली आणि ती छापली. मधल्या वेळात घाटांची चित्रं काढली, गावातलं तुंबलेलं पाणी नदीत काढायला भुयारी गटार बांधलं. मला हा माणूस आवडतो, कारण दुपारी चाळीस-पंचेचाळीस अंशांचा ताप असताना उठून यंत्र बघायला जाणं काय असतं ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्या तापाची गोष्ट वेगळीच आहे. आज दुपारी खिडक्या लावून घेतल्या तो वारा आठवतोय? पश्चिमेकडून येतो, इकडे त्याला पछुआ म्हणतात, आणि तो असा भाजायला लागला की लू. राजस्थानाकडून कोरड्या तापल्या जमिनीवरून दिवसभर चालत येतो, त्याच्यात पाण्याचा अंश उरलेला नसतो, म्हणून घाम अंगावर टिकत नाही आणि माणसाला आपण किती सुकलो ते कळतही नाही. नावाडी ह्या दिवसांत डोक्याला गमछा गुंडाळूनच वल्ही मारतात. समोरच्या रेतीवर दुपारी वावटळ उठते, तीही बघून ठेवा: रेती तापते, तिच्या लगतची हवा फुगून हलकी होते, वर धावते, आजूबाजूची हवा तिची जागा भरायला येते आणि येता येता गिरकी घेते. ढग कसे होतात ह्याचं निम्मं उत्तर त्या वावटळीत आहे, फक्त पाणी तेवढं नाही.

पाणी येतं ते पूर्वेकडून. आणि आता मी मुद्द्यावर आलो.

आपल्याकडे पाऊस कुठून येतो? पश्चिमेकडून. कोकणातल्या आजीला विचारा, ती समुद्राकडे हात करील. साताऱ्यात ढग कासच्या अंगानं चढून येतात, हे शेंबडं पोरही सांगेल. सह्याद्रीवर तो वारा आपटतो, उंच चढतो, निवतो आणि महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर ओततो. तिथून पूर्वेला उतरला की त्याच्यात काही राहत नाही, आणि चौंडीला उरतात पाच-सहाशे. इथं काशीत मात्र जूनच्या मध्याला एके दिवशी पछुआ पडतो, झाडाचं पान हलत नाही, आणि मग पूर्वेकडून, ह्या रेतीवरून, ओलसर झुळूक येते. पुरवइया! म्हातारी माणसं लगेच सांगतात, आला. पहिल्यांदा आलो तेव्हा मला हे काही केल्या पटेना. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो असं शाळेत घोकलेलं, आणि हा उलट्या दिशेनं कसा येतो?

उलटा नाही, तोच आहे, वळून आलाय. दक्षिण गोलार्धातून निघालेले हे वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वी फिरते म्हणून उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून भारतावर येतात. त्यांची एक फळी अरबी समुद्रावरून आपल्या सह्याद्रीवर चढते. दुसरी फळी भारताच्या खालच्या टोकाला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरते, तिथलं कोमट पाणी भरभरून उचलते, ब्रह्मदेशाच्या आणि आसामच्या डोंगरांकडे जाते आणि तिथं समोर उभा राहतो हिमालय. आता पुढं जायला वाट कुठली? गुरं कुंपणाला अडली की कुंपण धरून चालायला लागतात, तसे हे वारे हिमालय धरून पश्चिमेला चालू लागतात: बंगाल, बिहार, आणि मग काशी. म्हणून गंगेच्या खोऱ्यात पाऊस गंगेच्या उलट चालतो. पाणी जातं पूर्वेला आणि ढग येतात पूर्वेकडून, आणि ह्या घाटावर बसून दोघांची गाठ पडताना बघायला मिळते.

ह्या वळशाला वेळ लागतो, आणि तो वेळ जुन्या माणसांनी किती नेमका पकडून ठेवलाय बघा. आपल्याकडचा शेतकरी मृगाची वाट बघतो, सूर्य मृग नक्षत्रात जातो सात-आठ जूनला. इकडचा शेतकरी मृगाकडे ढुंकून बघत नाही, तो वाट बघतो अद्रेची, म्हणजे आपल्या आर्द्रेची. ती लागते एकवीस-बावीस जूनला. अद्रा लागली की घरोघर खीर-पुरी होते, आंबे येतात. हवामान खात्याच्या आजच्या तारखा काढा: पाऊस मुंबईला साधारण अकरा जूनला पोचतो आणि काशीला विशीच्या आसपास. चौदा-पंधरा दिवसांच्या अंतराची दोन नक्षत्रं आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराच्या दोन तारखा. उपग्रह नव्हता, तार नव्हती, नुसतं पिढ्यान्‌पिढ्या आभाळ बघणं होतं. आपल्याकडे सहदेव-भाडळीची वचनं, इकडे घाघ आणि भड्डरीची. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. सगळी खरी ठरत नाहीत, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगतो, एका गावची खूण दुसऱ्या गावाला चालत नाही. पण बघायची शिस्त त्यांनी लावली. आणि नक्षत्रांचा हिशेब चोख करणारा आपला माणूस ह्याच गावात होता: बापूदेव शास्त्री, १८२१ साली पुण्यात जन्मलेले, काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित आणि ज्योतिष शिकवायचे. सूर्यसिद्धान्ताचं त्यांचं इंग्रजी भाषांतर १८६१ साली निघालं, पुढं स्वतःचं पंचांगही काढलं.

त्याहून जुना दाखला हवा तर कौटिल्याचा घ्या. त्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या कोठारात हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय. पाऊस मोजायचा तो द्रोणांत. आणि मग कुठल्या मुलखात किती हेही दिलंय: अश्मकात सगळ्यांत कमी, अवंतीत तेवीस द्रोण, आणि अपरान्तात अमाप. अश्मक म्हणजे गोदावरीकडचा आपला कोरडा मुलूख, अवंती म्हणजे माळवा, आणि अपरान्त म्हणजे कोकण! आज पर्जन्यमापक ठेवून हीच उतरंड निघते. कोकणात किती पडतो हे मोजायच्या भानगडीतच तो पडलेला नाही, आणि चिपळूणच्या माणसाला ह्यात काही नवल वाटणार नाही.

ढगांचं तेवढं सांगतो, मग नदीकडे वळू. वाफ डोळ्यांना दिसत नाही, हे आधी लक्षात घ्या. दिसतो तो ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंबच. ओली हवा वर चढते, वर दाब कमी, म्हणून ती फुगते, फुगण्यात तिची ऊब खर्च होते आणि किलोमीटरमागं दहा अंशांनी ती निवते. निवता निवता एक उंची येते जिथं वाफेला वाफ म्हणून राहवत नाही. त्या दुपारची सगळी हवा सारखीच ओली असेल तर सगळीकडे ती उंची सारखीच, आणि म्हणून दुपारच्या पांढऱ्या ढगांची बुडं सपाट असतात, एका पातळीत. उद्या बघा, माथे काय हवे तसे असतील, बुडं एका ओळीत. पण वाफेला थेंब व्हायला काहीतरी धरायला लागतं: धुळीचा कण, मिठाचा कण, धुराचा कण. स्कॉटलंडच्या जॉन एटकिननं १८८० च्या सुमारास काचेच्या भांड्यात गाळलेली स्वच्छ हवा भरली, वाफ सोडली, आणि धुकं झालंच नाही. साधी हवा सोडली की लगेच झालं. इथं धुराला तोटा नाही, मणिकर्णिका घाटावरच्या चिता रात्रंदिवस पेटलेल्या. पौषात सकाळी त्या धुराकडे बघावं: थोडा वर चढतो आणि मग एकदम आडवा पसरतो, कारण खाली नदीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवा बसलेली, धुराला तिच्या वर जाता येत नाही. त्याच कोंडलेल्या हवेत मग काशीचं ते धुकं धरतं, समोरची नाव दिसत नाही असं. ते धुकं म्हणजे नदीवर उतरलेला ढगच.

ढगाचं वजन? किलोमीटरभर लांब-रुंद-उंच असा पांढरा ढग पाचेकशे टनांचा असतो. पडत नाही, कारण त्याचा एकेक थेंब इतका बारीक की सेकंदाला सेंटिमीटरभर पडायचा, आणि खालून चढणारी हवा त्याला त्याहून जोरात वर नेते. असे दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. आणि आषाढातला जो मोठा काळा ढग पूर्वेकडून येतो तो पंधरा किलोमीटरांच्या वर जातो, मध्ये पाचेक किलोमीटरांवर गोठणबिंदू ओलांडतो, वर सगळा बर्फ. भर पावसाळ्यात तुमच्या नाकावर पडलेला टपोरा थेंब पुष्कळदा वर बर्फ म्हणून जन्मलेला असतो. त्याच ढगात वीज. ती चमकली की मनात अंक मोजायचे. तीन मोजून झाल्यावर गडगडलं तर वीज किलोमीटरभरावर पडली. पण गडगडाट ऐकू येतो म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, तेव्हा मोजत घाटावर बसायचं नाही, घरात येऊन मोजायचं. झाडाखाली नाही, पाण्यात नाही, नावेत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलंय, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं. नावाड्यांच्या मोबाइलमध्ये ते घालून द्यायचं काम तुमच्याकडे.

आता नदी. ही पायरी बघा, आज कोरडी आहे. ऑगस्टात आपण बसलोय तिथं दोन पुरुष पाणी असतं, आरती घाटावरून गच्चीवर जाते, एका घाटावरून दुसऱ्यावर पायी जाता येत नाही. केंद्रीय जल आयोगाच्या मापाप्रमाणे काशीत धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, ९ सप्टेंबर १९७८ ला पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं, त्याहून वर अजून गेलेलं नाही. आणि खरं नवल हे की पुष्कळदा काशीत थेंब नसतो, आभाळ निळं, ऊन कडक, आणि पाणी तासातासाला एकेक पायरी गिळत असतं. ऑगस्ट २०२२ मध्ये धोक्याच्या पातळीवर गेलं त्यातलं पुष्कळसं पाणी चंबळेचं होतं. चंबळ कुठली? माळव्यातली, महूजवळच्या जानापावच्या डोंगरातली. इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पाऊस पडला की तो खान नदीत जातो, खान क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना प्रयागला गंगेत, आणि तिथून ते पाणी ह्या पायऱ्यांशी. होळकरांच्या इंदूरचा पाऊस अहिल्याबाईंच्या घाटावर येतो! आणि त्या स्वतः जिथं राहायच्या ते महेश्वर इंदूरहून फार लांब नाही, पण मध्ये विंध्याची धार आहे. धारेपलीकडे पडलेला थेंब नर्मदेत जातो आणि भडोचला अरबी समुद्राला मिळतो. धारेच्या ह्या अंगाला पडला तर काशी, त्या अंगाला पडला तर भडोच.

तर आता काम सांगतो. इंदूरच्या मावशीला उद्याच फोन करा. पावसाळ्यात तिकडे चांगला जोराचा पाऊस झाला की तिनं कळवायचं, तारीख वहीत लिहायची. तुम्ही शाळेला परत जाल, तेव्हा इथली रेघ शेजारची पोरं ओढतील: रोज सकाळी सातला, पाणी टेकलंय त्याच्या वरच्या पायरीवर गेरूची खूण, आणि पायरीचा आकडा तुम्हाला कळवायचा. पाणी माळव्याहून इथं यायला किती दिवस घेतं ते आपण काढू. वाटेत चंबळेवर गांधीसागर आहे, पुढं कोट्याचं धरण आहे; त्यांची दारं कोणत्या दिवशी उघडली तेही पेपरात बघून त्याच वहीत लिहा, नाहीतर हिशेब जुळणार नाही.